ज्याची खूण, त्याचं चाक

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी आज माझं तपासणी-कार्ड पहिल्यांदा नीट वाचलं. अकरा मुद्दे आहेत. ब्रेकच्या लायनरची जाडी, ड्रमला चीर आहे का, शूच्या स्प्रिंगा, ऑइल सील, बेअरिंगचा रंग, ग्रीस, नट, तो अडवून धरणारी कॉटर पिन, असं सगळं. दोनदा वाचून ते म्हणाले, "झकास आहे. पण 'हात लावून बघितलं' असं यात कुठंच लिहिलेलं नाही." मी म्हटलं, हात लावल्याशिवाय हे अकरा मुद्दे भरताच येणार नाहीत. ते हसले आणि कार्ड बाकावर ठेवलं. अर्धं बाकाबाहेर राहिलं आणि खाली पडलं. मीच उचललं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नोकरीचे अर्ज टाकलेत, उत्तरं येतील तेव्हा येतील. पण मला मनापासून वाटतं की आमच्या शेडमध्येच काहीतरी चांगलं करता येईल. शेतातल्या ट्रॉलीला कुणी विचारत नाही. ट्रॅक्टर धुवूनपुसून ठेवतात आणि ट्रॉलीची चाकं तुटेपर्यंत पळवतात. तिच्यावर माणसं बसतात. म्हणून मी "कापणीआधी तपासणी" सुरू केली आहे. तेवीस ट्रॉल्या नोंदल्या गेल्या. कापणीला ३ मार्चला तोंड लागेल, त्याच्या आत सगळ्या व्हायला हव्यात.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते. आमच्याकडे ज्यानं नट आवळून चाक बंद केलं तो हबच्या टोपीच्या आतल्या बाजूला पोलादी पंच ठोकून स्वतःची खूण मारतो. आजोबांचं एक टिंब होतं, बाबांची दोन. ज्याची खूण, त्याचं चाक. पुढं काही झालं तर जबाबदार तोच. तीन टिंबांचा पंच आजोबांनीच करून ठेवला होता, तो दादासाठी. दादाला चाकांचा कंटाळा. तो लांब बांधकामावर क्रेन चालवतो आणि महिन्यातून एकदा घरी येतो. पंच डब्यात पडून आहे. मी मनातल्या मनात त्यानं कितीतरी टोप्यांवर खुणा मारल्या आहेत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली ट्रॉली झाली. जॅक लावला, लोखंडी टेकूंच्या घोड्यांवर चढवली, टोपी काढली, पिन, नट, मग ड्रम. आत ही धूळ. बाबा सवयीनं फुंकर मारणार तेवढ्यात मी ओलं फडकं पुढं केलं. ती धूळ छातीत जाते, आयुष्यभर बसते. हे मी त्यांना शंभरदा सांगितलं आहे. त्यांनी ऐकलं नाही. वहिनी चहा घेऊन आली होती. तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि काही न बोलता ड्रम पुसला. तेव्हा मात्र बाबा म्हणाले, "बरोबर आहे, असंच करत जाऊ."

मी सांगितलं ते चुकीचं आणि तिनं केलं ते बरोबर.

खरी गोष्ट पुढंच आहे. चाक बंद करताना नट किती आवळायचा हाच सगळा खेळ. सैल राहिला तर चाक डुलतं, जास्त आवळला तर बेअरिंग जळतं. बाबांनी नट आवळला, चाक वरखाली धरून हलवलं, पुन्हा हलवलं, आणि हाक मारली, "सूनबाई, बघ गं जरा." मी कार्ड घेऊन दोन हातांवर उभी होते. वहिनीनं पदराला हात पुसले, चाकाला वर एक आणि खाली एक हात लावला, मान तिरकी केली आणि म्हणाली, "अजून एक खाच मागं घ्या." बाबांनी घेतली. तिनं पुन्हा धरून पाहिलं आणि मान हलवली.

आठवी झालेली बाई. लग्न होऊन येईपर्यंत तिनं ट्रॉलीच्या खाली वाकून पाहिलं नसेल.

९ फेब्रुवारी, रविवार

पदवी मिळाली तेव्हा मी बाबांना एक शर्ट आणला होता. निळा, बारीक रेघांचा, शिंपल्यासारखी इवलीशी बटणं. अजून घडी मोडलेली नाही. आज कपाट आवरताना तो तसाच दिसला, टाचण्यांसकट. हल्ली बाबा फक्त डोक्यातून घालायचे टी-शर्ट घालतात. वहिनीनं आणलेले, एकाच रंगाचे चार. मी आईला म्हटलं, हिनं आणलेलं चालतं आणि मी आणलेलं चालत नाही. आई दळण निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "प्रत्येक गोष्टीत माप काढू नये."

मी माप काढत नाही. मला फक्त दिसतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

फळबागवाले काका ट्रॉली घेऊन आले. डाव्या चाकाचा ब्रेक घासत होता, सगळी वाट घासत आला असणार. बाबांनी ड्रमवर तळहात ठेवला आणि ठेवूनच बोलत राहिले. बागेत यंदा फुलोरा कसा आहे वगैरे. वहिनी धावली आणि तिनं मनगट धरून त्यांचा हात ओढला. सगळ्यांसमोर! बाबा म्हणाले, "अगं, काही नाही लागलं." पण पाचच मिनिटांत तळहातावर फोड आला. शेजारचे टायरवाले मामा, ज्यांना आमच्या शेडमधलं सगळं त्यांच्या टायरांपेक्षा जास्त ठाऊक असतं, ते म्हणाले, "सून मिळावी तर अशी. आमची सून मला तव्यावर बसवून शेगडी वाढवेल."

मलम मी आणलं. तोवर वहिनीनं लावूनही टाकलं होतं. मी डबी हातात घेऊन उभी. इतकं तत्पर असायचं तरी कशाला? काळजी करायची तर करावी, तिचा तमाशा नको.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा आणि वहिनी सामान आणायला गावात गेले. गेल्या गुरुवारीही गेले होते. चार तासांनी परत आले ते एक ऑइल सील घेऊन. एका सीलसाठी दोन माणसं आणि चार तास. मी विचारलं तर वहिनी म्हणाली, रांग होती. सुट्या भागांच्या दुकानात कधीपासून रांगा लागायला लागल्या?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाबांनी तीन टिंबांचा पंच वहिनीला दिला.

दुपारी, टायरवाले मामा बसले असताना. डब्यातून तो शोधायला त्यांना वेळ लागला. एकेक पंच डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. मग तो वहिनीच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तुझी चाकं तुझ्या नावावर." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी कार्डावर लिहीत असल्याचं दाखवलं. काय लिहिलं ते आता वाचता येत नाही.

नंतर बाबा माझ्याजवळ आले. म्हणाले, "तुझं डोकं चालतं, तिचा हात चालतो. दोन्ही लागतात." म्हणजे मला समजावायची गरज आहे हे त्यांना कळत होतं. कळत होतं तरी दिला.

मी चौथीत असताना याच बाकाखाली बसून बेअरिंगचे रोलर डिझेलमध्ये धुवायची. ते एकेक उजेडात धरून, डाग दिसला की बाजूला काढायची. तेव्हा वहिनी कुठं होती?

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहीत नाही. लिहिलं तर वाईटच लिहीन.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धीर करून बाबांना म्हटलं, मलाही चाक बंद करायला शिकवा. ते ट्रॉलीच्या दांड्यावर बसले होते. बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले. "तुला यातून बाहेर काढायला शिकवलं," ते म्हणाले, "आत ओढायला नाही. उद्या तुझं पत्र येईल आणि तू जाशील. जायलाच पाहिजे."

"आणि नाही गेले तर?"

"म्हणूनच तर," ते म्हणाले, आणि उठले.

म्हणूनच काय? अर्धं बोलायचं आणि उठायचं. वहिनीशी मात्र तासभर बोलतात. नट आवळताना चाक फिरवत राहावं, थांबलेल्या चाकावर आवळलेला नट खोटं बोलतो, असलं काय काय. मला हे लांबून ऐकावं लागतं, कार्डाआडून.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीनं विचारलं, "ताई, हे कार्ड भरायला मला शिकवाल? अक्षरं येतात, पण लिहायला वेळ लागतो. तुम्ही नसताना अडायला नको." मी म्हटलं, ते माझं काम आहे, तू तुझं कर. ती बरं म्हणाली आणि गेली.

मी कॉलेजात वस्तीतल्या बायकांना शिकवायला दर शनिवारी जायची. त्यावर निबंधही लिहिला होता. आज आठवला आणि मग आठवू दिला नाही. हात तिचा, डोकं माझं, ही वाटणी मी केलेली नाही. आता डोकंही तिला हवं असेल तर मी उरते कुठं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी तीन.

हे आनंदानं लिहिते आहे.

आज पुन्हा गुरुवार. वहिनी आठलाच गावात गेली, रांगेत उभी राहायला म्हणे. बाबा साडेनऊला तिच्या मागून गेले. शेडमध्ये मी एकटी. बागवाल्या काकांची ट्रॉली घोड्यांवर होती. उजवं चाक कालच झालं होतं. डाव्याचं सगळं धुवून, ग्रीस भरून, ड्रम चढवून ठेवला होता. नट नुसता हातानं लावलेला. फक्त बंद करायचं बाकी. काका अकराला न्यायला येणार होते.

मी केलं ते. पुस्तकाप्रमाणे केलं. कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात तक्ता आहे, या मापाच्या हबचा नट किती जोरानं आवळायचा त्याचा आकडा आहे. मागच्या महिन्यात मी जोराचा आकडा दाखवणारा पाना आणला होता. बाबांनी त्याला खेळणं म्हटलं होतं. त्या खेळण्यानं मी बरोबर आकड्यावर थांबले. कॉटर पिन नवी घातली, तिचे पाय वाकवले. चाक थोडं जड फिरत होतं, पण ग्रीस नवं आहे. अंदाज नाही, कानगोष्टी नाहीत, "मान तिरकी करून" काही नाही. आकडा.

मग टोपी. डब्यात वहिनीचा पंच होता. मी तो घेतला आणि आत तीन टिंबं मारली. वहिनीची म्हणून नाही. ती खूण माझी होती, देण्याच्या आधीपासून. हातोडीचा आवाज शेडमध्ये इतका छान घुमला.

काका वेळेवर आले आणि ट्रॉली घेऊन गेले. बाबा आणि वहिनी एकच्या सुमारास परतले. बाबा जेवायला आत गेले. वहिनीनं रिकाम्या घोड्या पाहिल्या आणि हळू आवाजात मला विचारलं, "बागवाल्यांचं डावं चाक राहिलं होतं ना? मी नट नुसता बोटानं लावला होता."

मला काय सुचलं कोण जाणे. म्हटलं, "बाबांनी निघायच्या आधी केलं."

तिच्या तोंडचा रंग उडाला. खोटं का लिहू, बरं वाटलं. तिच्यावाचूनही चाक बंद होतं हे कळल्यावर जळली असणार. तिनं काकांना दोनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मग सायकल काढली आणि जेवणही न करता निघून गेली. कुठं, ते सांगितलं नाही. रुसली असेल. रुसू दे. मी गेले सहा दिवस रुसले आहे, मला कुणी विचारलं?

संध्याकाळी.

काका आले. ट्रॉलीशिवाय, नुसता ट्रॅक्टर. मागच्या मडगार्डवर वहिनी बसली होती. काकांच्या हातात गोणपाटात गुंडाळलेला हब होता. बेअरिंग निळं पडलं होतं. सील फुटलं आणि ग्रीस वितळून ब्रेकच्या लायनरवर उतरलं. त्या बाजूचा ब्रेक गेलाच होता. ट्रॉलीत बागेतल्या सात बायका बसल्या होत्या. पुढं ओढ्याचा उतार. काका सांगत होते, "उताराच्या तोंडाशी तुमची सून सायकल आडवी टाकून उभी. मी शिव्या देणार होतो. मग चाकातून धूर दिसला."

बाबांनी टोपी हातात घेतली, उजेडाकडे नेली. तीन टिंबं. त्यांनी वहिनीकडे पाहिलं.

मी बोलणार होते. खरंच बोलणार होते. पण वहिनीच आधी बोलली. "सकाळी घाईत मी बंद केलं. माझं चुकलं, बाबा."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ती असं का म्हणाली?

सकाळपासून एवढंच डोक्यात. तिनं काही केलं नव्हतं हे तिला ठाऊक आहे. मी बाबांचं नाव सांगितलं, तेही तिनं ओठांबाहेर काढलं नाही. मोठेपणा मिळवायला? सगळ्यांनी म्हणावं, बघा, चूकही किती सहज कबूल करते? तसं असेल तर डाव फसला. बाबांनी टायरवाल्या मामांच्या देखत तिच्याकडून पंच मागून घेतला. ओरडले नाहीत. "खूण तुझी, चाक तुझं," एवढंच. मामा म्हणाले, अहो, पहिलीच चूक आहे. बाबा म्हणाले, "सात बायका बसल्या होत्या."

मग त्यांनी पंच आणून माझ्या कार्डांच्या गठ्ठ्यावर ठेवला. "शिक," म्हणाले. आवाजात काही नव्हतं.

वहिनीनं हात धुतले. नखांतलं ग्रीस निघेना म्हणून लिंबाच्या सालीनं चोळत बसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि दिवसभर बाहेर आली नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पंच माझ्याजवळ आहे. हवा होता तो मिळाला. त्याला बोटांत फिरवते तेव्हा तीन दाणे टोचतात.

खाई त्याला खवखवे म्हणतात. आज मी एकही चाक बंद केलं नाही. बाबांनीही नाही. दोन ट्रॉल्या उघड्या पडून आहेत. बाबा एका चाकाशी वीस मिनिटं बसले, नट आवळला, सोडला, आवळला, सोडला, आणि उठून गेले. नऊ ट्रॉल्या राहिल्यात आणि आठ दिवस.

२३ फेब्रुवारी, रविवार

बाबांना खूश करावं म्हणून मी तो निळा शर्ट काढला, टाचण्या उपटल्या आणि त्यांच्या समोर धरला. आज तरी घाला. आई म्हणाली राहू दे, पण बाबा म्हणाले, आण.

बाह्यांत हात गेले. मग त्यांनी वरचं बटण धरलं. म्हणजे मला वाटलं धरलं. बोटं बटणाच्या शेजारी होती आणि त्यांना ते कळत नव्हतं. ते मान खाली घालून पाहत होते, बोटांना डोळ्यांनी वाट दाखवत होते. बटण निसटलं. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं. दारात वहिनी उभी होती. तिचे हात आपोआप पुढं झाले आणि माझ्याकडे पाहून तिनं ते मागं घेतले.

मला सगळं एकदम दिसलं. बाकावरून पडलेलं कार्ड. तापल्या ड्रमवर ठेवलेला तळहात. डोळ्यांजवळ नेलेले पंच. "सूनबाई, बघ गं जरा." गुरुवारची रांग.

मी पुढं झाले आणि बटणं लावली. सातही. बाबा माझ्या डोक्यावरून भिंतीकडे पाहत होते.

नंतर आईनं सांगितलं. बोटांच्या नसा निकामी होत चालल्यात, असं डॉक्टर म्हणाले होते. गोळ्या आहेत, सुया आहेत, पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. वहिनीच्या हे आधी लक्षात आलं, कारण एकदा बाबांनी उकळत्या चहाचा पेला हातात घेऊन तिच्याशी गप्पा मारल्या. "तुला सांगू नको म्हणाले," आई म्हणाली. "सांगितलं असतं तर तू अर्ज टाकायचे सोडले असतेस आणि इथंच बसली असतीस."

"म्हणूनच तर," ते म्हणाले होते.

मग मला दुसरी गोष्ट कळली. वहिनीला मी काय सांगितलं होतं? बाबांनी बंद केलं. ज्यांच्या बोटांना नट कळत नाही, त्यांनी. ती जळून पांढरी पडली नव्हती. ती सायकल घेऊन बाबांची चूक गाठायला धावली होती.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं.

सकाळच्या चहाला बाबा, वहिनी आणि टायरवाले मामा शेडमध्ये होते. मामा गेल्यावर सांगावं असं फार वाटलं. मग वाटलं, तिच्याकडून पंच काढून घेतला तेव्हा मामा होते, आताही असू देत.

"बागवाल्यांचं डावं चाक वहिनीनं बंद केलं नव्हतं. मी केलं."

बाबांनी कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. त्यांनी 'का?' असं विचारलं नाही. विचारलं, "किती आवळलास?" मी आकडा सांगितला. "चाक फिरवत होतीस?" नाही. "मग मागं सोडलास?" नाही. पुस्तकात तसं नव्हतं. "आण पुस्तक."

तक्ता पानाच्या तळाशी संपतो. मी पान उलटलं. दुसऱ्या बाजूच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे: वरील जोरानं आवळून झाल्यावर नट पूर्ण सैल करावा, मग बोटाच्या जोरानं बसवून जवळच्या खाचेत पिन घालावी. म्हणजे बाबा वहिनीला जे सांगत होते तेच. पुस्तक बरोबर होतं. मी पान उलटलं नव्हतं.

"चूक कुणाचीही होते," बाबा म्हणाले. "माझ्या हातून दोन ड्रम फुटलेत. पण खूण दुसऱ्याची का मारलीस?"

बरीच उत्तरं तयार होती. पण खरं एकच होतं. "मला ती हवी होती."

मामा उठून गेले आणि पलीकडे, एकही टायर नसताना, हवेचं यंत्र सुरू करून बसले.

मला वाटलं वहिनी म्हणेल, जाऊ द्या. ती तसं म्हणाली नाही. "ताई, मी चूक अंगावर घेतली ती त्यांच्यासाठी. तुमच्यासाठी घेतली नव्हती." मग बाबांकडे वळली. "टोपीत माझी खूण दिसली तेव्हा वाटलं, डब्यात हात घातला असेल आणि दोन टिंबं की तीन, बोटांना कळलं नसेल. चार दिवस मी तुमच्याकडे बघून मनात तुम्हाला बोलत होते. कळत नाही तर हात का लावला, म्हणून." कप उचलून ती आत गेली.

मी पंच घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर ठेवला. तिनं तो उचलला नाही. पातेल्याच्या बाजूला तसाच राहिला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

बागवाल्या काकांकडे चालत गेले. त्या सातपैकी पाच जणी बागेत होत्या. त्यांनाही सांगितलं. एकीनं नुसतं विचारलं, "मग आता नीट कोण करणार?" त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, जिचा हात आहे ती.

परत आले तेव्हा वहिनी शेडमध्ये होती. पंच तिच्या कमरेला होता. माझ्याशी बोलली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज दवाखान्यात बाबांबरोबर मी गेले. आठला जाऊन रांगेत उभी राहिले. रांग खरंच असते.

डॉक्टरांनी बाबांचे डोळे मिटायला लावले आणि बोटांना कापसानं, मग सुईनं शिवलं. कळलं की सांगा. बाबा शांत बसून होते, परीक्षेतल्या मुलासारखे, आणि दहापैकी तीनदा "हो" म्हणाले. त्यांतलं एक चुकलं.

वाटेत येताना ते म्हणाले, "तिला आधी दिलं म्हणून राग आला ना?" मी म्हटलं, अजून आहे. ते म्हणाले, "असू दे. पण तिच्यावर काढू नको. माझ्यावर काढ." आणि थोड्या वेळानं, "अर्ज टाकत राहा." मी म्हटलं, टाकते. पण आता अर्धं बोलून उठायचं नाही. त्यांनी मान डोलावली.

घरी आल्यावर मी कार्डांचा गठ्ठा वहिनीपुढं ठेवला आणि म्हटलं, शिकवते, शिकायचं असेल तर. ती म्हणाली, "आधी तुम्ही इकडे या." मला चाकाशी बसवलं. वर एक हात, खाली एक हात. काय लागतंय? काही नाही लागत. पुन्हा. काही नाही. "तुम्ही ढकलताय," ती म्हणाली. "ढकलू नका. विचारा." दहा वेळा मला काही कळलं नाही. अकराव्यांदा कळलं असं वाटलं आणि ती म्हणाली, ते तुमच्याच खांद्याचं हाड होतं. दोघी हसलो. मग तिला आठवलं की ती रागावलेली आहे, आणि तिनं चाकाकडे तोंड वळवलं.

१ मार्च, शनिवार

एकवीस झाल्या. वहिनी रोज संध्याकाळी दोन कार्डं स्वतः भरते. जीभ दातांत धरून, सावकाश. "बेअरिंगचा रंग" या ओळीत मी वर्षानुवर्षं "ठीक" लिहिलं असतं. ती लिहिते "जुन्या चांदीसारखा". मला आधी खोडावंसं वाटलं. मग वाटलं, यावरून तर मलाही ओळखता येईल.

मत्सर गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. बाबा तिला हाक मारतात तेव्हा अजून आत काहीतरी घासतं. फक्त आता माहीत आहे की ते कुठं घासतं.

२ मार्च, रविवार

शेवटची ट्रॉली बागवाल्या काकांचीच. नवं बेअरिंग, नवं सील, लायनरही बदलले. डावं चाक वहिनीनं बंद केलं. पिन घालायच्या आधी बाजूला सरकली आणि मला म्हणाली, "बघा."

मी डोळे मिटले. वर एक हात, खाली एक. ढकललं नाही. पुष्कळ वेळानं, दाराच्या फटीतून वारा यावा इतकं काहीतरी हललं.

"आहे," मी म्हटलं. "केसाएवढं."

"तेवढं हवंच," ती म्हणाली. पिन घातली, पाय वाकवले. नव्या टोपीत तीन टिंबं मारली. जुनी टोपी मी बाकावरच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे, आतली बाजू बाहेर.

कार्ड तिनंच भरलं. अकरा मुद्दे झाल्यावर तिनं खालच्या कोऱ्या जागेत आणखी एक ओळ लिहिली आणि कार्ड बाबांकडे दिलं. "१२. हात लावून बघितले. दोघींनी."

बाबांनी ते लांब धरून वाचलं. निळा शर्ट घातला होता, सकाळी आईनं बटणं लावून दिली होती. वाचून झाल्यावर त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात पुढं केला. त्यांनी कार्ड माझ्या तळहातावर टेकवलं आणि तसेच थांबले.

"धरलंस?" त्यांनी विचारलं.

"धरलं."

मगच त्यांनी सोडलं.